धोवणाचं पाणी

कडधान्य संशोधन केंद्रात तिला नऊ वर्षं झाली होती आणि नऊही वर्षं तिनं एकाच प्रश्नामागे घालवली होती. पाणी कमी पडलं तर हरभऱ्यावर काय फवारावं, म्हणजे तो तग धरेल? डोकेदुखीच्या गोळीच्या कुळातलं एक आम्ल, सोबत दोन क्षार, आणि थेंब पानावरून ओघळू नये म्हणून चिमूटभर चिकट भुकटी. पहिली सहा मिश्रणं फुकट गेली. सातवं लागू पडलं, म्हणून त्याला सगळे सात नंबर म्हणायला लागले.

केंद्र बघायला कुणी आलं की ती समजावून सांगायची, "झाडाला तहान लागायच्या आधीच तहानेची वर्दी द्यायची. मग ते पानावरची बारीक छिद्रं मिटून घेतं, आहे ते पाणी पुरवून पुरवून वापरतं. दुष्काळ येतोय, असा झाडाच्या कानात निरोप सांगायचा."

"आणि झाडाला कान कुठे असतात, ते मात्र मॅडमनी अजून दाखवलेलं नाही," असं शेजारच्या टेबलावरून हमखास ऐकू यायचं. तो केंद्राचा आकडेतज्ज्ञ. आकडा कितीही साधा असला तरी त्याच्यापुढे टिंब देऊन आणखी एखादा आकडा लावल्याशिवाय तो बोलायचा नाही, म्हणून त्याला सगळे दशांश म्हणत. जेवायला किती वाजता जायचं, तर म्हणे साधारण साडेबारा पूर्णांक दोन.

प्रयोग चालायचा केंद्राच्या मागच्या बाजूला. तिथे रुळांवर सरकणारं प्लास्टिकचं मोठं छप्पर होतं. आभाळ भरून आलं की चौघांनी मिळून ते ढकलायचं आणि बारा वाफे झाकून टाकायचे, म्हणजे वर कितीही पाऊस पडो, खाली दुष्काळच. बारापैकी सहा वाफ्यांवर सात नंबर, सहांवर नुसतं पाणी. कोणत्या वाफ्यावर काय हे दशांश चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. फवारणी तीनदा: फुलोऱ्याच्या आधी, फुलं असताना आणि घाटे भरताना, म्हणजे शेंगांत दाणे धरताना.

फवारायचं काम पंपकाकांचं. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. बावीस वर्षं रोजंदारीवर होते आणि बावीस वर्षं पाठीवर पंप. त्याचा पट्टा खांद्यांवर इतका घासला होता की तिथली कातडी चपलेच्या तळव्यासारखी झाली होती. चालायचे मात्र असे, की त्यांच्या पावलांवर घड्याळ लावून घ्यावं. एका वाफ्याला अठ्ठावीस पावलं. ना सत्तावीस, ना एकोणतीस. फवारताना झाडांशी बोलायचे. "माना वर करा गं पोरींनो, खाली काय बघताय."

लागोपाठ चार वर्षं एकच निकाल आला. सात नंबरच्या वाफ्यांत अठरा टक्के दाणे जास्त. दशांशनं आकडे उलटेसुलटे करून पाहिले, शंका काढल्या, शेवटी चष्मा पुसत म्हणाला, "मॅडम, मी हात टेकले. हे खरं आहे." त्या दिवशी त्यानं टिंबसुद्धा लावलं नाही.

बाहेरच्या शेतांवर दोन वर्षं घेतलेल्या चाचण्या तितक्या सरळ नव्हत्या. पण ती दोन्ही वर्षं पाऊस बरा झाला होता, आणि तहानच नाही तर तहानेचं औषध काय दिसणार? सगळ्यांनी तसं धरलं. तिनंही तसंच धरलं.

पाचव्या वर्षी हवामानखात्यानं आधीच सांगून ठेवलं, की यंदा पाऊस निम्म्यावर येईल. संचालकांनी तिला बोलावून घेतलं. संचालक तसे चांगले गृहस्थ होते. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि आपल्या कारकिर्दीत केंद्रातून एक तरी गोष्ट लोकांच्या उपयोगी पडावी एवढीच त्यांची इच्छा होती.

"चारशे शेतकऱ्यांना सात नंबर द्यायचं. यंदाच. आता नाही तर कधी?"

"अजून एक कोरडं वर्ष बाहेर बघून मग—"

"कोरडं वर्ष हेच आहे ना?"

तिनं मान डोलावली. खरं म्हणजे तिला नाही म्हणायचंही नव्हतं. नऊ वर्षांनी कुणीतरी दार उघडलं होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, आई गेल्यावर हिची वेणी तिनंच घातलेली. दिली होती बसनं पाच तासांवरच्या एका गावात. भावोजींची बारा एकर जमीन, दहा गाई. त्यांचं दुधावर बरं चाललं होतं.

"छोटी, हे विचारतायत, यंदा खालच्या आठ एकरांत काय करायचं? पाऊस नाही म्हणतात. ह्यांच्या मनात आहे, चाऱ्याची ज्वारी टाकावी. काहीच नाही आलं तरी हिरवं कापून गाईंना होईल. तुझं काय म्हणणं?"

ती खिडकीशी उभी होती. समोर छपराखाली मागच्या हंगामाचे वाफे नांगरून पडले होते.

"हरभरा पेरा," ती म्हणाली. "मी सात नंबर पाठवते."

"नक्की ना?"

"अगं, चार वर्षं बघतेय मी."

ताईनं फोन हातानं झाकून मागे कुणालातरी सांगितलेलं तिला ऐकू आलं. "छोटी म्हणतेय हरभरा." आणि भावोजींचा आवाज, "मग झालं तर. घरात डॉक्टर असताना वैदूला कशाला विचारायचं?"

पाऊस निम्मादेखील आला नाही. पेरणीपुरता शिंतडला आणि जो गेला तो गेला.

फुलोऱ्याच्या सुमारास ती शेतं बघायला निघाली. पहिल्या दिवशी सहा शेतं बघितली, दुसऱ्या दिवशी सात. सगळीकडे सांगितल्याप्रमाणे एक पट्टा फवारलेला, एक न फवारलेला, मध्ये खुंट्या. खुंट्या नसत्या तर कुठला कुठला ते तिलाही ओळखता आलं नसतं. ती वाकून पानं चाचपायची, वहीत लिहायची, आणि शेतकरी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "मला वाटलं माझ्याच डोळ्यांना दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी ती ताईकडे पोचली. भावोजी तिला खालच्या रानात घेऊन गेले. जमिनीला पंजा जाईल एवढ्या भेगा. झाडं वीतभर, खालची पानं पिवळी होऊन गळालेली, शेंड्याला चार-दोन फुलं.

"दुसरी फवारणी परवाच केली," भावोजी म्हणाले. "तू लिहिलं होतंस तसंच. एकरी दोनशे लिटर."

तिनं मनात गुणाकार केला. आठ एकर. "एवढं पाणी कुठून आणलंत? विहीर तर आटलीय ना?"

"टँकर येतो आठवड्यातून दोनदा. गुरांच्या हौदातलं घेतलं." मग तिचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "काही नाही गं, दोन दिवस गाई जरा ओरडल्या. दूध थोडं तुटलं. ते येईल परत."

गोठ्यात दहाच्या जागी सात गाई होत्या. तिनं विचारलं नाही आणि ताईनं सांगितलं नाही. जेवताना ताई म्हणाली, "पण घाटे भरताना कळतो ना फरक? आत्ता कसा कळेल?"

"हो," ती म्हणाली. "घाटे भरताना."

केंद्रात परतली ती थेट छपराकडे गेली. आणि तिथे सगळं जिथल्या तिथे होतं. सात नंबरचे सहा वाफे लांबूनच ओळखू येत होते. गर्द, माना वर केलेले. शेजारचे सहा मलूल. पाच वर्षांत हे दृश्य बघून तिला कधी बरं वाटलं नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा झालं.

जमीन तशीच, बियाणं तेच, औषध तेच. मग इथे काय आहे जे तिथे नाही?

केंद्रातली पेरणी शेतांच्या आधीची, त्यामुळे इथली तिसरी फवारणी दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. एरवी ती काय करायची, तर फवारणी संपली की लगेच पानांचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत पळायची. दोन तासांच्या आत ते गोठवले नाहीत तर फुकट. नऊ वर्षांत ती एकदाही मागे थांबली नव्हती. त्या दिवशी तिनं डबा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला आणि रुळावर बसून राहिली.

पंपकाकांनी सहा वाफे संपवले, अठ्ठावीस-अठ्ठावीस पावलांत. पंप उतरवला. नळाची रबरी नळी घेऊन तो तीनदा खंगाळला आणि ते पाणी निळ्या पिंपात ओतलं. मग मिश्रण कालवायच्या बादल्या धुतल्या, मापं धुतली, हातमोजे धुतले, रबरी बूट धुतले, अंगावरचा प्लास्टिकचा कोट काढून तोही धुतला. सगळं पाणी पिंपात. दोनशे लिटरचं पिंप काठोकाठ भरलं. काका ते चाकांच्या गाड्यावर ढकलत वाफ्यांपाशी घेऊन आले आणि बादलीनं, मोजून, सात नंबरच्या एकेका वाफ्यात झाडांच्या मुळाशी सारखं सारखं ओतायला लागले.

ती उठली. त्यांच्यापाशी गेली.

"काका, हे काय करताय?"

"धोवण घालतोय, मॅडम."

"इथे का?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "मग कुठे घालू? तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?"

"पहिल्याच वर्षी. म्हणालात, औषधाचा थेंबसुद्धा दुसऱ्या वाफ्यात जाता कामा नये, गटारातही नको. ज्याचं त्यालाच घाला. मी एकदाही चुकलो नाही." त्यांनी बादली खाली ठेवली. "चुकलो का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही चुकलात."

"आणि साध्या पाण्याचा पंप?" तिनंच पुढे विचारलं. "तो नाही धूत?"

"त्यात काय धुवायचं? पाणीच तर असतं."

ती खोलीत आली, कपाटातली पाच वर्षांपूर्वीची वही काढली. पानाच्या कडेला तिच्याच अक्षरात होतं: धोवण बाहेर सोडू नये, त्याच वाफ्यांत जिरवावं. खाली दोन रेघा मारलेल्या.

तिनं जाऊन दशांशला सांगितलं. त्यानं कागद ओढून गणित मांडलं. "एका वेळी दोनशे लिटर. तीन वेळा सहाशे. सहा वाफ्यांचं मिळून क्षेत्र छत्तीस चौरस मीटर." पेन्सिल थांबली. "सोळा पूर्णांक सात मिलिमीटर. ऐन फुलोऱ्यात आणि घाट्यांत, तेही थेट मुळाशी. मॅडम, एवढ्या पाण्यानं अठरा टक्के वाढ... येते. आरामात येते."

"म्हणजे आपण पाच वर्षं पाणी देत होतो."

"आपण पाच वर्षं पाणी देत होतो," तो म्हणाला, आणि चष्मा काढून ठेवला. "आणि मी आकडे तपासत होतो. पिंप कुठे रिकामं होतं, ते आकड्यांत येत नाही."

तरी एक आशा उरलीच होती, माणसाची सवय. त्या आशेवर तिनं शेतांवरची तिसरी फवारणी थांबवली नाही. पुढच्या हंगामात तिनं बारा वाफ्यांचे चार गट केले. कुठे औषध आणि धोवण, कुठे नुसतं औषध, कुठे औषधाशिवाय तितकंच साधं पाणी मुळाशी, कुठे काहीच नाही. नुसत्या औषधाच्या वाफ्यांचं धोवण बाहेर टाकीत न्यायचं. ती प्रत्येक फवारणीला शेवटपर्यंत थांबली.

पहिल्या खेपेला काका पिंपाचा गाडा ढकलत टाकीकडे नेताना मध्येच थांबले. "मॅडम, धोवणात काय होतं?"

"पाणी होतं, काका."

"औषध नव्हतं?"

"होतं नखभर. काम पाण्यानं केलं."

ते पिंपावर हात ठेवून उभे राहिले. हा माणूस गावात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, जिथे भेटेल त्याला सांगत सुटायचा, की आम्ही असं औषध काढलंय ज्याला पाणी लागत नाही. "आम्ही" म्हणायचा.

"म्हणजे मीच..." त्यांनी पिंप टाकीत ओतलं आणि त्या दिवसापासून फवारताना ते झाडांशी बोलले नाहीत.

निकाल आला. नुसतं औषध आणि काहीच नाही, यांत फरक दीड टक्का. मोजण्यातली चूकच चार टक्क्यांची असते. नुसत्या पाण्याचे वाफे सतरा टक्क्यांनी पुढे. सात नंबरनं पानं चार दिवस जास्त हिरवी राहत होती, एवढं मात्र खरं होतं. चार दिवसांनी तीही वाळत होती.

संचालकांनी कागद दोनदा वाचला. दाराकडे बघितलं, उठून ते लावून घेतलं.

"दीड टक्का तर आहे ना?"

"तो नसल्यात जमा आहे, साहेब."

"मला समजतं. मी विचारतोय, आहे असं म्हणता येईल का?" तिनं मान हलवली तसे ते खुर्चीत मागे टेकले. "आपण हळूहळू बंद करू. पुढच्या वर्षी वाटायचं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारायचं नाही. लोकांचं पीक दुष्काळानं गेलंय. आपण नसतो तरी गेलंच असतं."

"काहींनी आपल्यामुळे हरभरा पेरला. काहींनी प्यायचं पाणी फवारलं."

"आणि पत्र लिहून ते पाणी परत येणार आहे?"

ते येणार नव्हतं. तरी तिनं पत्र लिहिलं. संचालकांनी तीन दिवस ते टेबलावर ठेवलं आणि चौथ्या दिवशी सही केली. त्यांचा तो मोठेपणा होता, आणि तो त्यांना महागात पडला. चारशे लिफाफे गेले. साध्या भाषेत लिहिलं होतं, की सात नंबरचा उपयोग होत नाही, चूक केंद्राची होती, फवारणीत तुमचं काही चुकलेलं नाही. खाली तिची सही होती आणि तिच्यावर संचालकांची.

उत्तरं आली तीन. एकात शिवी होती. एकानं विचारलं होतं, मग आठ नंबर कधी येणार. तिसरं पाकीट पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं होतं.

वरून चौकशी समिती आली, एका दिवसात गेली. छप्पर दुसऱ्या केंद्राला दिलं गेलं. चार माणसांनी त्याचं प्लास्टिक सोडवलं आणि रूळ उपटून ट्रकमध्ये घातले. संचालकांना मुदतीआधी घरी पाठवलं. फवारणीच नाही तर पंप कोण पाठीवर घेणार? रोजंदारीच्या यादीतून काकांचं नाव गळलं, त्यासाठी कुणाला काही करावंही लागलं नाही. ती संचालकांच्या रिकाम्या खोलीपासून कार्यालयाच्या शेवटच्या टेबलापर्यंत सगळीकडे जाऊन आली. बावीस वर्षं काम केलेल्या माणसाची कुठेच नोंद नव्हती, फक्त दिवस मांडलेले होते.

काका निरोप घ्यायला आले ते दारातच उभे राहिले.

"आत या ना, काका. बसा."

"नको, पायाला माती आहे." थोडा वेळ ते तिच्या टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले. "मॅडम, एक विचारू? पहिल्या वर्षी मी धोवण गटारात सोडलं असतं तर?"

"तर पहिल्याच वर्षी कळलं असतं, की सातवंही फुकट गेलं."

"मग तुम्ही आठवं केलं असतं."

"कदाचित."

"पाच वर्षांत बारावंसुद्धा झालं असतं," काका म्हणाले, आणि वळून जिना उतरून गेले. तिनं खिडकीतून पाहिलं. पाठीवर काही नव्हतं तरी ते किंचित पुढे वाकूनच चालत होते.

तिला बियाणं तपासणीत टाकलं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचे, पुन्हा शंभर मांडायचे. दशांश दुसरीकडे बदली मागून गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर होतं." मग जिन्यात थांबून म्हणाला, "उपयोग किती झाला ते मला विचारू नका."

ताईला मात्र तिनं फोन केला नव्हता. चारशे पत्रांत भावोजींचंही एक होतं, हे तिला ठाऊक होतं, लिफाफ्यावर पत्ता तिनंच लिहिला होता. रोज वाटायचं, आज फोन येईल. आला नाही. पाच महिन्यांनी ती दोन दिवसांची रजा काढून बसमध्ये बसली.

पोचली तेव्हा दुपार कलत होती. ताई अंगणात एकटीच कपडे वाळत घालत होती. गोठ्याचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं. झाडून, धुऊन स्वच्छ केलेला गोठा. कोपऱ्यात दाव्यांची गुंडाळी.

"ये," ताई म्हणाली. "पाणी देते."

"ताई, पत्र मिळालं ना?"

ताईनं हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, चारी टोकं सारखी केली. "मिळालं."

"मी स्वतः यायला हवं होतं. मला धीरच—"

"मी वाचलं. ह्यांना दाखवलं नाही."

ती बघतच राहिली. "का?"

"का?" ताई पहिल्यांदा तिच्याकडे वळली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "छोटी, आमच्या गाई गेल्या. जमीन पडून आहे. हे दुसऱ्याच्या गोदामात पोती उचलतात, या वयात. आणि तरी रात्री जेवून झोपतात, कारण दुष्काळानं गेलं असं म्हणतात. दुष्काळ सगळ्यांनाच आला. आता त्यांना काय सांगू? ज्वारीच टाकली असती तर चार गाई तरी राहिल्या असत्या, हे सांगू? घरातल्या माणसानं घालवलं, असं सांगू?"

"मला खरं सांगायचं होतं."

"सांगितलंस की. चारशे लोकांना सांगितलंस. तुला हलकं वाटलं असेल." ताईनं रिकामी बादली उचलली. मग एकदम तिचा आवाज मऊ झाला आणि तेच जास्त लागलं. "वाळलीयस किती. जेवतेस का नीट? चल आत."

दिवेलागणीला भावोजी आले. खांद्यावर पंचा, केसांत पोत्यांची धूळ. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, डॉक्टर! कधी आलीस? मुक्काम आहे ना?"

"आहे."

ते उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बोटं सुजली होती, गाठ सुटत नव्हती. ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यामागे उभी राहिली.

"बरं झालं आलीस," भावोजी म्हणाले. "कधीपासून विचारायचं होतं. फोनवर नको वाटलं. ती तिसरी फवारणी आहे ना, घाटे भरतानाची... ती माझ्याकडून उशिरा झाली. टँकर आलाच नाही. तू दिलेल्या तारखेनंतर सहा दिवसांनी केली मी." त्यांनी वर बघितलं. "तुला सांगितलं नव्हतं. लाज वाटली. तू एवढं सगळं लिहून दिलेलंस, तारखेसकट."

ती त्यांच्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती.

"सहा दिवसांनी फरक पडतो ना? म्हणजे वेळेवर केली असती तर हाती लागलं असतं ना थोडंफार? मला नुसतं कळायला हवं. मनात तेच घोळत राहतं."

त्यांच्या डोक्यावरून ताई तिच्याकडे बघत होती. तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"पडतो," ती म्हणाली. "सहा दिवसांनी फरक पडतो."

"तेच मी म्हणत होतो," भावोजी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, दोन-तीनदा. मग पुन्हा वाकून नाडीची गाठ सोडवायला लागले.